दोन डिसेंबर की बारा फेब्रुवारी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या बाईंनी मला एका रिकाम्या खुर्चीला पाणी द्यायला लावलं होतं.

आमचं ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत, खाली मिठाईचं दुकान आणि वर आम्ही. वीसेक माणसं. द्राक्षांची पॅकहाउसं, कोल्ड स्टोरेज, एखादी वाइनरी, पतसंस्था असल्या गिऱ्हाइकांना लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवायचो. मी नुकतीच इंजिनिअर होऊन वणीहून आले होते. पहिल्याच कामात माझा प्रोग्रॅम अडकला. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्याच पानाकडे बघत बसले. शेवटी धीर करून मॅडमच्या टेबलाजवळ गेले.

मॅडम म्हणजे आमच्या सगळ्यात सीनिअर. पन्नाशीच्या आसपास. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तोंडात कायम बडीशेप. त्यांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. कोपऱ्यातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आधी पाहुण्यांना सांग."

खुर्ची रिकामी होती. मी इकडेतिकडे पाहिलं.

"पाणी दे त्यांना. उन्हातून आलेत. मग सांग काय अडलंय ते. पहिल्यापासून सांग. आणि पाहुण्यांना इंग्रजी येत नाही."

मला वाटलं नवीन माणसाची चेष्टा चाललीय. पण कुणी हसत नव्हतं. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. मी कूलरमधून ग्लास भरला, खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला आणि कान तापलेले असताना बोलायला लागले. "हा प्रोग्रॅम आहे ना, तो शेतकऱ्याचं नाव घेतो. मग त्याचा प्लॉट शोधतो. मग प्लॉट सापडला की..." आणि तिथेच थांबले. प्लॉट सापडला नाही तर काय करायचं हे मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं.

मागून मॅडम म्हणाल्या, "झालं? आता ते पाणी तू पी."

वर्षभरात ती खुर्ची माझ्या सवयीची झाली, पण लाज काही गेली नाही. बाहेरचं कुणी आलं की आम्ही सगळे मनातल्या मनात प्रार्थना करायचो, की आता कुणाचं काही अडू नये. एकदा एका बँकेचे साहेब त्या खुर्चीवर बसायला गेले. मॅडम म्हणाल्या, "ती रिकामी नाहीये." साहेब दचकून उठले. आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, कपाळाला हात लावला.

बाईंचं सगळंच असं. एरर आला की तो मोठ्याने वाचायचा, पोथी वाचावी तसा, शेवटच्या ओळीपर्यंत. "पहिली ओळ वाचून माणूस घाबरतो आणि गूगल करायला पळतो. अरे, शेवटच्या ओळीत त्याने स्वतःच सांगितलेलं असतं कुठे दुखतंय ते." एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले की म्हणायच्या, "भाजीत मीठ आणि तिखट एकदम ओतलंस. आता बिघडली कशाने ते सांग." मोठ्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे हेच कळेना तर अर्धा झाकायचा. दिवाळीची माळ बंद पडली की आपण अर्धी अर्धी तपासत जातो, तसं. काम जमा करताना आम्ही सवयीने 'चेंजेस केले' एवढंच लिहायचो. त्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "काय चेंजेस? केस कापलेस?"

सॉफ्टवेअर तपासायला खोटी माणसं भरावी लागतात. आम्ही 'एबीसी', 'टेस्ट टेस्ट' असलं काही टाकायचो. मॅडमना ते चालायचं नाही. "एबीसी नावाचा माणूस दिंडोरीत राहतो का? खरं नाव टाका. लांबलचक टाका. आडनाव नसलेली बाई टाका. मोबाइल नसलेला म्हातारा टाका. जोडाक्षरं टाका. ती माणसं उद्या येणार आहेत, त्यांना आज येऊ द्या."

आणि एक 'लाज'.

सॉफ्टवेअरच्या कामात रोज जुगाड करावे लागतात. नीट दुरुस्तीला वेळ नसतो, गिऱ्हाईक फोनवर बसलेलं असतं, मग तात्पुरता एक टाका घालायचा आणि पुढे जायचं. कोडमध्ये माणसांना वाचण्यासाठी टीप लिहायची सोय असते, कंप्युटर तिच्याकडे बघत नाही. मॅडमचा नियम असा, की प्रत्येक जुगाडाच्या डोक्यावर मराठीत 'लाज' असं लिहायचं, पुढे आपलं नाव आणि हे का करावं लागलं ते. मग 'लाज' हा शब्द शोधला की कंपनीतले सगळे टाके एका जागी दिसायचे. महिन्यातून एका दुपारी डबे झाल्यावर मॅडम ते मोठ्याने वाचायच्या. ज्याचा असेल त्याने उभं राहायचं आणि कधी दुरुस्त करणार ते सांगायचं.

मला त्या दुपारचा धसका असायचा. डबा गोड लागायचा नाही. एकदा एक मुलगा उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मॅडमनी त्याला बस म्हटलं नाही, पूर्ण बोलून घेतलं. नंतर त्याच्या टेबलावर चिवड्याची पुडी ठेवून गेल्या, पण तेवढ्याने काय होतं. तो मुलगा पुढे फार दिवस टिकला नाही.

त्या स्वतःचीही लाज वाचायच्या. पण त्या लाजा बारीकसारीक असायच्या. कुठे एखादा आकडा कायमचा लिहून टाकला, कुठे एखादं नाव चुकीचं ठेवलं. आमच्यातला एकजण हळूच म्हणायचा, "मॅडमच्या सगळ्या लाजा चिल्लर." आम्ही हसायचो. त्यांनी ते ऐकलं असावं.

दिंडोरीच्या अलीकडे एक द्राक्षाचं पॅकहाउस आमचं गिऱ्हाईक होतं. निर्यातीचा माल छाटून पेट्यांत भरायचे. कुठल्या शेतकऱ्याचा कुठला प्लॉट, शेवटची फवारणी कधी केली, काढणी कधी केली, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, फक्त दिवस आणि महिना. वर्ष सीझनवरून सॉफ्टवेअर स्वतःच लावायचं. औषधाचा अंश उतरावा म्हणून फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवस जायला लागतात. ते गेले नसले तर सॉफ्टवेअर लाल रंग दाखवायचं आणि तो माल आत घ्यायचा नाही.

तिथे डेटा भरायला नाझिया नावाची मुलगी होती. तिला शिकवायला मीच गेले होते. माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान, दिंडोरीतल्या एका टेलरची मुलगी, बी.कॉम. करून लागलेली. शेतकऱ्यांनी दिलेल्या चिठ्ठ्यांची चळत डाव्या हाताला, उजव्या हाताने टाईप. एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही. मला तिचा हेवा वाटला होता.

एका सीझनच्या मध्यावर पॅकहाउसच्या मालकांचा आमच्या सरांना फोन आला. एका बागायतदाराचा आख्खा माल परत पाठवावा लागला होता. त्याची शेवटची फवारणी दोन डिसेंबरची आणि काढणी वीस फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे काही प्रश्नच नव्हता. पण सॉफ्टवेअरमध्ये फवारणी बारा फेब्रुवारी अशी भरलेली. जेमतेम आठवड्याचं अंतर. लाल रंग. चिठ्ठी शोधून बघेपर्यंत ट्रॅक्टर परत गेला होता, क्रेट उन्हात राहिले, आणि माल पडेल भावाने इथल्याच बाजारात विकावा लागला. चिठ्ठीवर २/१२, कंप्युटरमध्ये १२/२. पोरीने उलटं टाईप केलं. तिला सगळ्यांसमोर झापून काढून टाकलं होतं. मालकांचं आमच्याकडे मागणं एवढंच होतं, की ऑपरेटरने तारीख भरली की 'खात्री आहे का?' असं विचारणारी एक पाटी टाकून द्या.

सरांनी ते काम मला दिलं. नाझियाला काढलं हे ऐकून मला वाईट वाटलं, आश्चर्यही वाटलं. पण चुका कुणाच्याही हातून होतात, असं म्हणून मी कामाला लागले. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"पाटी नंतर टाक. आधी चूक करून दाखव."

"मॅडम, चूक तिची आहे. टायपिंगची."

"मग तू तशी टाईप करून दाखव. आणि त्यांच्या कंप्युटरला जोडून कर. इथल्या नको."

मी इथूनच पॅकहाउसच्या मशीनला जोडून घेतलं. एक खोटा शेतकरी केला, लांबलचक नावाचा. फवारणीची तारीख बरोबर घातली, २/१२. सेव्ह केलं. यादी उघडली.

बारा फेब्रुवारी.

मला शोध लागल्याचा आनंद झाला. "मॅडम! सापडलं! तिने बरोबरच टाईप केलं होतं!"

मॅडमनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "पंचवीस जानेवारी टाक." मी २५/१ टाकलं. पंचवीस जानेवारीच आली. बरोबर.

"दहा जानेवारी टाक." एक ऑक्टोबर आली.

मॅडम उठल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

काय झालं होतं ते मला तोवर आठवायला लागलं होतं. सीझनच्या तोंडावर पॅकहाउसने कंप्युटर बदलला होता. नव्या मशीनची ठेवण अमेरिकी, महिना आधी आणि तारीख नंतर. त्यामुळे पंचवीस जानेवारी लिहिलं की ते पंचविसावा महिना शोधायचं आणि अडून बसायचं. पॅकहाउसमधून फोनवर फोन. गेटबाहेर ट्रॅक्टर उभे. मॅडमनी फोन मानेत धरून एका हाताने कोड लिहिला होता: महिन्याचा आकडा बारापेक्षा मोठा आला तर तारीख आणि महिना उलटवून घे. मशीन चालू झालं. पलीकडून मालक 'वा मॅडम, वा' म्हणाले, ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सरांनी खालून पेढे मागवले. मीही खाल्ला होता.

पण दोन डिसेंबरचं काय? दोन हा बारापेक्षा लहान. कंप्युटरला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याने दोन हा महिना धरला आणि बारा ही तारीख. बारा तारखेपर्यंतचं सगळं असंच गपचूप उलटत राहिलं. बाकीचं जे सरकलं ते अशा रीतीने सरकलं, की कुणाचा माल अडला नाही. म्हणून कुणी बघितलंच नाही. अडला तो एकाच माणसाचा.

मी कोड उघडला. त्या ओळींच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मॅडम परत आल्या. साडीच्या पदराला हात पुसत त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मी काय शोधत होते ते त्यांना कळलं.

"नाही लिहिलं मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा लाज वाटलीच नव्हती ना. मला वाटलं होतं, काय हुशार आहे मी."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी उगाच माऊस हलवत बसले. नेहमी आपल्याला वरचढ असणारं माणूस एकदम असं खाली आलं, तर आपल्याला बरं वाटेल असं मला वाटायचं. तसं काही वाटलं नाही. 

सरांच्या केबिनचं दार काचेचं आणि आवाज बाहेर येणारा. सर म्हणत होते, "दुरुस्त करून टाका ना गुपचूप. नवीन व्हर्जन आलंय म्हणू. त्यांना कळायचं कारणच नाही."

"आणि ती मुलगी?"

"मिळेल तिला दुसरीकडे. मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. सीझन चालू आहे. एक गिऱ्हाईक बोललं की दहा जातात. पगार होतात इथे वीस जणांचे."

सर वाईट माणूस नव्हते. मला तर त्या क्षणी त्यांचंच पटत होतं. बाईंनी ऐकावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्या बाहेर आल्या, पर्स घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला पॅकहाउस माहीत आहे. चल."

आम्ही त्यांच्या स्कूटरवरून निघालो. म्हसरूळ मागे पडलं.  मी मागे बसून मनात ठरवत होते, की आपण फक्त रस्ता दाखवायला आलोय.

पॅकहाउसमध्ये मोठ्या शेडखाली तीसचाळीस बाया टोप्या घालून द्राक्षाचे घड छाटत होत्या. मालक पुढे आले, हसत. "या या मॅडम, केबिनमध्ये बसू, एसी आहे."

"नाझियाला तुम्ही कुठे बोललात?"

"म्हणजे?"

"तिला काढलंत तेव्हा. केबिनमध्ये का इथे?"

मालक गोंधळले. "इथेच. त्या दिवशी जरा तापलोच होतो मी."

"मग मीही इथेच बोलते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज चढवला. शेडच्या पत्र्याखाली तो घुमला. "बायांनो, जरा ऐका. नाझियाने तारीख बरोबर भरली होती. कंप्युटरने ती उलटी केली. आणि कंप्युटरला तसं मी शिकवलं होतं. चूक माझी आहे. तिची नाही."

कात्र्या थांबल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी भिंतीशी रचलेल्या क्रेटकडे बघत राहिले. त्यावर कुणाचं तरी नाव रंगाने लिहिलेलं होतं, ते मी परत परत वाचत होते. एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "म्हंजे पोर खरं बोलत व्हती." दुसरी म्हणाली, "लय रडली व्हती ती, बाई."

मालकांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे तुम्ही फोनवर सांगायचं होतं. आता त्या बागायतदाराला मी काय तोंड दाखवू?"

"नंबर लावा. मी बोलते."

फोन लागला. मॅडमनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. स्पीकरवर बागायतदाराचा आवाज आला.

"माल गेला ओ बाई, त्याचं काय नाय. पुढल्या साली येईल. पन मी इष मारून द्राक्षं इकतो असं झालंय गावात. ते कोन पुसनार?"

"मी येते गावात."

"या. समद्यांसमोर बोला."

"बोलते."

त्या रविवारी त्या एकट्याच गेल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. तिथे काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पॅकहाउसमधून निघालो तेव्हा मालकांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं आता नाशिक. मॅडमनी स्कूटर दिंडोरीकडे वळवली.

नाझियाच्या घराचा पुढचा भाग म्हणजे तिच्या वडिलांचं दुकान. शाळेचे गणवेश टांगलेले होते. वडील मशीनवर वाकून शर्टाची कॉलर शिवत होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण पॅकहाउसच्या कंप्युटरचं नाव काढताच त्यांचा पाय थांबला.

"आता काय राहिलं?" ते म्हणाले. "मी मालकांचे पाय धरून आलो. ज्यांचा माल गेला त्यांच्या घरी तिला घेऊन गेलो, माफी मागायला लावली. ती नाही म्हणत होती. मी हाताला धरून नेली. अजून काय पाहिजे?"

 पॅकहाउसच्या शेडमध्ये मॅडमनी चढवलेला तो आवाज कुठेतरी गेला होता. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाई, तिची चूक नव्हती. माझी होती." आणि मग पहिल्यापासून सांगितलं. दोन डिसेंबर, बारा फेब्रुवारी, सगळं.

वडिलांनी हातातली कॉलर खाली ठेवली. "म्हणजे ती बरोबर होती?"

"हो."

"ती म्हणत होती. रोज म्हणत होती. मैंने बोला, कंप्युटर झूठ बोलता क्या? तू सच्ची और मशीन झूठी?" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मी तिला असं बोललो."

आतला पडदा हलला. नाझिया केव्हापासून तिथे उभी होती कोण जाणे. ती बाहेर आली. वडिलांकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मॅडमना तिने एकच प्रश्न विचारला.

"मग पंचवीस तारखेचं बरोबर कसं यायचं?"

मॅडमनी सांगितलं. बारापेक्षा मोठा आकडा आला तरच उलटवायचं असं लिहिलं होतं म्हणून.

"म्हणजे फक्त बारा तारखेपर्यंतचं चुकायचं," ती हळू म्हणाली. "तरीच. मी घरी बसून रोज तेच आठवत होते. कितीतरी चिठ्ठ्या बरोबर आणि हीच कशी उलटी? मला वाटलं मलाच उलटं दिसतं. नाशिकला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले काही नाही. मग मला आणखी भीती वाटली. डोळे चांगले आहेत, तर मग बिघडलंय काय माझ्यात?"

मॅडमनी हात जोडले.  इतक्या वर्षांत मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. आम्हाला प्रत्येकाला उभं करून बोलायला लावणारी ती बाई एका टेलरच्या दुकानात, टांगलेल्या गणवेशांमध्ये, हात जोडून मुकी उभी होती. तिथून पळून जावं असं मला वाटत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "पॅकहाउसवाले परत बोलावतील तुला."

"मी नाही जाणार."

"मग आमच्याकडे ये. सॉफ्टवेअर तपासायचं काम आहे. तुझ्यासारखी नजर हवी आहे. मी सरांशी बोलते."

नाझियाने मान हलवली. "नको मॅडम. मी तुमच्याकडे आले की तुम्हाला बरं वाटेल. मला नाही वाटणार."

तिच्या वडिलांनी, "अगं, अशी काय बोलतेस," म्हणून तोंड उघडलं आणि मधेच मिटलं. आता तिला काही सांगायची त्यांची छाती नव्हती. ते उठले, स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. खुर्ची तशीच मधे राहिली आणि आम्ही चौघं तिच्याभोवती उभे.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," नाझिया म्हणाली. "फोनवर सांगितलं असतं तर अब्बांना पटलं नसतं."

आम्ही निघालो. परतीच्या रस्त्यावर मॅडमनी एकदा स्कूटर बाजूला घेतली. मला वाटलं रडतायत. पण त्यांनी मला फक्त पुढे बसायला सांगितलं.  मी चालवत आले. माझ्या खांद्यावर त्यांनी टेकवलेला हात मला ऑफिसपर्यंत जड वाटत राहिला.

पुढे व्हायचं ते झालं. पॅकहाउसने पुढच्या सीझनला दुसरी कंपनी बघितली. सरांनी मॅडमना काढलं नाही, एक शब्दही बोलले नाहीत. मात्र मोठी कामं हळूहळू दुसऱ्यांकडे जायला लागली. आम्ही बाकीचे त्यांच्याशी फार सांभाळून वागायचो, आजारी माणसाशी वागतो तसं. पूर्वी त्या ओरडायच्या तेव्हा राग यायचा. आता त्यांनी ओरडणं सोडलं होतं आणि कुणी विचारलं तरच सांगायच्या, तेही हळू आवाजात. जेवताना त्यांच्याशेजारची जागा रिकामी राहायला लागली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून पोळी खाणं जमत नव्हतं, एवढंच. माझंही तेच.

वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली. जळगावला भावाकडे जाते म्हणाल्या. केक कापला, सरांनी घड्याळ दिलं. चार शब्द कुणी बोलावेत तर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मॅडमच म्हणाल्या, "चला, केक खा. क्रीम वितळतंय."

अलीकडे मी वडिलांच्या एका कामासाठी दिंडोरीत गेले होते. सातबाऱ्याचा उतारा ऑनलाइन काढायचा होता. लोकांनी बाजारपेठेतलं एक दुकान सांगितलं. बाहेर शेतकऱ्यांची रांग. आत काउंटरमागे नाझिया. तिचं स्वतःचं दुकान. दाखले, उतारे, निर्यातीसाठी बागांची नोंदणी, सगळं करते. मागे एका बाजूला तिचे वडील प्रिंटरचे कागद लावत बसले होते. म्हातारे झालेत. ती एकेक कागद द्यायच्या आधी शेतकऱ्याकडे फिरवून म्हणत होती, "काका, तुमचं नाव, तुमची तारीख, वाचून बघा. मग सही."

माझा नंबर आला. तिने ओळखलं. काम करून दिलं. मग कागद पुढे सरकवताना विचारलं, "मॅडम कशा आहेत?"

 काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "जळगावला असतात."

"नाही, आता नाशिकलाच असतात ना," ती म्हणाली. "भाऊ वारले त्यांचे, दोन वर्षं झाली. म्हसरूळला घर घेतलंय. तुम्हाला माहीत नाही?"

म्हसरूळ. मी रोज ऑफिसला जाताना तिथून जाते.

"दर ईदला फोन येतो त्यांचा," नाझिया म्हणाली. "पहिल्या वर्षी मी उचलला नाही. दुसऱ्या वर्षी अब्बांनी उचलला. आता मीच उचलते. त्या फार काही बोलत नाहीत. दुकान कसं चाललंय, एवढं विचारतात. मागच्या वेळी म्हणाल्या, गुडघे दुखतात, जिने होत नाहीत, बाहेर पडणं बंद झालंय. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसचे येत असतील ना भेटायला. त्या म्हणाल्या, हो, येतात सगळे."

मागे रांगेतला माणूस घाई करत होता. मी कागदांची घडी घालत राहिले. नाझियाने माझ्याकडे नीट बघितलं, आणि तिला कळलं.

 एका चिठ्ठीवर म्हसरूळचा पत्ता लिहून तिने ती माझ्या कागदांवर ठेवली आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "या काका."